एलपीएच्या फॉर्मवर तिसऱ्या माणसाची सही: हॅरोमधल्या एका मराठी कुटुंबाचं प्रकरण

या प्रकरणातल्या माणसांची ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत आणि काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि त्या त्या वेळी घेतलेले निर्णय मात्र जसे घडले तसेच ठेवले आहेत. मी लंडनच्या वायव्य भागात मराठी ज्येष्ठांना कागदपत्रांच्या कामात मदत करते, त्यातून हे कुटुंब माझ्याकडे आलं. त्यांचं काम एलपीएचं, म्हणजे लास्टिंग पॉवर ऑफ ॲटर्नीचं होतं: आपली निर्णयक्षमता गेली तरी आपल्या वतीने निर्णय घेता यावेत म्हणून एक माणूस (देणारी व्यक्ती) दुसऱ्याला (मुखत्याराला) अधिकार देतो, तो कागद.

पार्श्वभूमी

काकू ७९ वर्षांच्या. माहेर-सासर दोन्ही सांगलीकडचं. सत्तरच्या दशकात लग्न होऊन इंग्लंडला आल्या आणि तेव्हापासून हॅरोतच राहिल्या. यजमान गेल्यापासून घरात एकट्याच. मुलगा गाडीने वीस मिनिटांवर राहतो, मुलगी लग्नानंतर पुण्यात. हॅरोचं घर काकूंच्या एकटीच्या नावावर आहे, शिवाय पेन्शन, दोन बँक खाती आणि कोथरूडला यजमानांनी घेतलेला एक फ्लॅट. बँक, बिलं, टॅक्स हे सगळं आयुष्यभर यजमानांनी पाहिलं. काकूंचं इंग्रजी दुकानापुरतं आणि डॉक्टरपुरतं.

मेमरी क्लिनिकने सुरुवातीच्या टप्प्यातल्या अल्झायमरचं निदान केलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत काकूंनी एटीएममध्ये चुकीचा पिन इतक्या वेळा दाबला की कार्ड बंद पडलं. मुलाने बँकेला फोन केला, तर बँक त्याच्याशी बोलायलाच तयार होईना. त्याआधी काही महिने तो आईच्या संमतीने तिचं कार्ड वापरून तिची बिलं भरत होता. हेतू चांगला होता, पण बँकेच्या नियमात ते बसत नाही. बँकेतल्या बाईंनी सांगितलं, ‘लास्टिंग पॉवर ऑफ ॲटर्नी करून घ्या.’

इंग्लंड आणि वेल्समध्ये ही एलपीए मेंटल कपॅसिटी ॲक्ट २००५ या कायद्याने आली आणि १ ऑक्टोबर २००७ पासून लागू झाली. तिचे दोन प्रकार आहेत: एक पैसा आणि मालमत्तेसाठी, दुसरा आरोग्य आणि देखभालीसाठी. पैशांची एलपीए नोंदणी झाल्यावर देणाऱ्याच्या परवानगीने लगेच वापरता येते. आरोग्याची मात्र माणसाला स्वतः निर्णय घेता येईनासा झाल्यावरच लागू होते. दोन्हींची नोंदणी ऑफिस ऑफ द पब्लिक गार्डियनकडे, म्हणजे ओपीजीकडे, करावी लागते. नोंदणी होईपर्यंत तो कागद वापरता येत नाही.

मुलाने दोन्ही फॉर्म सरकारी संकेतस्थळावर भरले, छापले, आणि मुखत्यार म्हणून फक्त स्वतःचं नाव घातलं.

अडचण कुठे होती

फॉर्ममध्ये दहावा भाग असतो सर्टिफिकेट प्रोव्हायडरचा. इथे एका त्रयस्थ माणसाने तीन गोष्टींची ग्वाही द्यायची असते. देणाऱ्या व्यक्तीला हा कागद कशासाठी आहे आणि त्यातून दुसऱ्याला किती अधिकार मिळतो हे समजलं आहे. तिला फसवून किंवा दबाव आणून हे करून घेतलेलं नाही. आणि ही एलपीए होऊ नये असं दुसरं कोणतंही कारण नाही.

मुलाने ही जागा भरायला मंडळातले एक काका ठरवले होते. पंधरा वर्षांची ओळख, घरी येणं-जाणं, काकूंना त्यांच्याबद्दल जिव्हाळा. अडचण एवढीच की ते काका आणि मुलगा मिळून केटरिंगचा व्यवसाय चालवतात. मुखत्याराचा व्यावसायिक भागीदार सर्टिफिकेट देऊ शकत नाही. देणाऱ्याचे किंवा मुखत्याराचे नातेवाईक, अगदी सासरकडचे आणि सावत्रसुद्धा, बाद होतात. तसेच त्यांचे जोडीदार, त्यांचे नोकर, आणि ती व्यक्ती केअर होममध्ये राहत असेल तर तिथले मालक आणि कर्मचारी. काकांनी सही केली असती आणि पुढे कधी हे उघड झालं असतं, तर अख्खी एलपीए पडली असती.

दुसरी अडचण फॉर्म हातात घेतल्यावर दिसली. मुलाने अकराव्या भागात, म्हणजे मुखत्याराच्या जागी, आधीच सही करून तारीख टाकली होती. सह्यांचा क्रम ठरलेला असतो: आधी देणारी व्यक्ती, मग सर्टिफिकेट प्रोव्हायडर, आणि त्यानंतरच मुखत्यार. क्रम चुकला तर ओपीजी नोंदणी करत नाही. फॉर्म परत छापावे लागणार हे तिथेच ठरलं.

तिसरी अडचण फोनवरून आली. मुलीला पुण्यात हे कळलं आणि ती म्हणाली, ‘दादा सगळं स्वतःच्या नावावर करून घेतोय.’ एलपीएने मालकी बदलत नाही. मुखत्याराला देणाऱ्याच्या पैशातून भेटवस्तू द्यायचीही मुभा फार थोडी असते, सणासमारंभाला ऐपतीप्रमाणे, तेवढीच. घर स्वतःच्या नावावर करून घेणं त्यात बसत नाही. पण हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि शंका एकदा मनात शिरली की कायद्याचं कलम दाखवून ती निघत नाही.

कोणते पर्याय होते

सर्टिफिकेट प्रोव्हायडर दोन प्रकारचे असू शकतात: देणाऱ्या व्यक्तीला किमान दोन वर्षं जवळून ओळखणारा माणूस, किंवा आपल्या व्यवसायामुळे हे पारखण्याचं कौशल्य असलेला, जसे डॉक्टर, सॉलिसिटर, सोशल वर्कर. व्यावसायिकच हवा अशी सक्ती नाही. बहुतेक घरांत शेजारी किंवा जुनी मैत्रीण पुरते, आणि त्यात काहीच गैर नाही.

काकूंच्या शेजारच्या इंग्रज बाईंचा विचार झाला. वीस वर्षांहून जुनी ओळख, एक पैसा लागला नसता. मुलाचा कल तिकडेच होता. मला मात्र दोन गोष्टी खटकत होत्या. काकू आणि त्या बाई एकमेकींशी हातवाऱ्यांनी आणि मोडक्या इंग्रजीत बोलतात. बागेतल्या गुलाबांबद्दल ते पुरतं, अधिकारपत्राबद्दल नाही. आणि पुढे मुलीने आक्षेप घेतला असता तर ‘तुम्ही नेमकं काय विचारलंत?’ या प्रश्नाला त्या बाईंकडे उत्तर नसतं.

जीपींना, म्हणजे काकूंच्या फॅमिली डॉक्टरांना, विचारलं. त्यांच्या सर्जरीने, म्हणजे दवाखान्याने, कळवलं की ते हे काम करत नाहीत. जीपींवर तशी सक्ती नाही, हे एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, कामात मोडत नाही.

सॉलिसिटरकडून सगळंच करून घेणं हा तिसरा पर्याय. तो सर्वांत महाग होता, आणि फॉर्म तर मुलाने व्यवस्थित भरले होते. चौथा पर्याय फक्त सर्टिफिकेटच्या कामासाठी स्वतंत्र व्यावसायिक नेमायचा. निर्णयक्षमतेच्या मूल्यांकनाचा अनुभव असलेल्या एक नोंदणीकृत सोशल वर्कर मिळाल्या. सोबत एजन्सीकडून मराठी दुभाषी.

पाचवा पर्याय काहीच न करण्याचा, आणि तो खरोखर टेबलावर होता, कारण मुलगा वैतागून म्हणाला होता, ‘राहू दे मग, बघू पुढे.’ पुढे म्हणजे काय, ते मी त्याला सांगितलं. आईची निर्णयक्षमता गेल्यावर एलपीए करता येत नाही. मग कोर्ट ऑफ प्रोटेक्शनकडे, म्हणजे निर्णयक्षमता गेलेल्यांची प्रकरणं पाहणाऱ्या न्यायालयाकडे, डेप्युटी (तिच्या वतीने निर्णय घ्यायला न्यायालयाने नेमलेला माणूस) म्हणून अर्ज करायचा, कोर्टाची फी, जामिनाचा बाँड, दरवर्षीचा अहवाल, आणि साधारण प्रकरणात वर्षाला ३२० पौंड देखरेखीची फी. आरोग्याच्या निर्णयांसाठी तर कोर्ट सहसा डेप्युटी नेमतच नाही.

पहिला निर्णय: स्वतंत्र व्यावसायिक

निदान झालेलं, भाषेची अडचण, भावंडांत संशय, आणि फॉर्म भरणारा मुलगाच एकटा मुखत्यार. यातली एकच गोष्ट असती तर मी शेजारणीच्या बाजूने कौल दिला असता. चारही एकत्र आल्यावर खर्च टाळणं मला योग्य वाटेना. २०२३ साली टीए विरुद्ध पब्लिक गार्डियन या खटल्यात न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की सर्टिफिकेट देणाऱ्याने या तिन्ही मुद्द्यांवर खरोखर स्वतःचं मत बनवलेलं असलं पाहिजे. नुसती सही पुरत नाही, आणि नोंदणी झालेली एलपीएसुद्धा त्या कारणाने रद्द ठरू शकते.

मुलाला पटवताना मी एकच मुद्दा लावून धरला: ही तपासणी तुझ्याविरुद्ध नाही. उद्या बहिणीने विचारलं तर तुझ्या बाजूने बोलणारा हाच एक कागद असेल. त्याला ते पटलं. खर्च काकूंच्या खात्यातून करायचा ठरला, कारण काम त्यांचं होतं.

दुभाषी मंडळाच्या ओळखीतला नको, असा सोशल वर्करबाईंचा आग्रह होता आणि तो अगदी बरोबर होता. आपला समाज इथे लहान आहे. संध्याकाळच्या हळदीकुंकवात जिची गाठ पडणार आहे तिच्यासमोर कोणती बाई मुलाबद्दल मोकळेपणाने बोलेल?

पहिली भेट

वेळ सकाळी दहाची ठरवली, कारण दुपारनंतर काकू थकतात आणि गोंधळतात. आदल्या दिवशी श्रवणयंत्राची बॅटरी बदलली, चष्मा शोधून ठेवला. मुलगा सवयीने आईशेजारी बसला. सोशल वर्करबाईंनी त्याला आणि मलाही बाहेर जायला सांगितलं, आणि जवळजवळ तासभर दार बंद राहिलं. आत काय झालं ते मला नंतर काकूंच्या संमतीने दाखवलेल्या टिपणांवरून कळलं. त्या टिपणांत प्रत्येक प्रश्न आणि काकूंचं उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहिलेलं होतं.

हो-नाहीत उत्तर देता येईल असे प्रश्न त्यात जवळजवळ नव्हतेच. ‘हा कागद केल्यावर काय होईल, सांगाल मला?’ ‘मुलालाच का निवडलंत?’ ‘आणखी कोणाचा विचार मनात आला होता का?’ ‘हे करायचं कोणी सुचवलं?’ ‘पुढे मन बदललं तर काय कराल?’

पहिल्याच प्रश्नावर काकू म्हणाल्या, ‘बँकेचं त्याला बघता येईल. आणि घर त्याच्या नावावर होईल. एक दिवस व्हायचंच आहे ना.’

मुलीबद्दल विचारल्यावर, ‘तिला विचारलं नाही. लांब आहे, तिला कशाला त्रास, असं तो म्हणाला. पण तिच्या कानावर घातलं असतं तर बरं झालं असतं.’

बाईंनी त्या दिवशी सही केली नाही.

दुसरा निर्णय: नकार की पुन्हा प्रयत्न

मुलगा चिडला. फी गेली, दुभाषीचे पैसे गेले, फॉर्म तसाच. ‘आईला समजत नाही असं त्यांचं म्हणणं आहे का?’ हा त्याचा प्रश्न रास्त होता, आणि त्याचं उत्तर मला या प्रकरणातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

कायदा सांगतो की माणसाला निर्णयक्षमता आहे असंच गृहीत धरायचं, आणि समजण्यासाठी शक्य ती सगळी मदत करून पाहिल्याशिवाय तिला समजत नाही असं ठरवायचं नाही. वय किंवा निदान एवढ्यावरून निष्कर्ष काढायचा नाही. काकूंचा गैरसमज आजाराचा होता की कोणी नीट सांगितलंच नव्हतं त्याचा? फॉर्ममधला आठवा भाग, जिथे देणाऱ्याचे हक्क आणि कायदेशीर माहिती असते, तो त्यांनी वाचलेला नव्हता. मुलाने तो इंग्रजीतून भराभर वाचून दाखवला होता. ‘समजलं ना?’ ‘हो.’ झालं.

म्हणून नकार न कळवता दुसरी भेट ठेवली. मधल्या दिवसांत दुभाषीने आठवा भाग सावकाश मराठीतून वाचून दाखवला, मुलगा घरात नसताना. मोठ्या अक्षरांत एक पानभर मराठी टिपणही काकूंकडे ठेवलं: घर माझंच राहतं, पैसे माझ्याच कामासाठी वापरायचे, मला कळतंय तोवर मी हे मोडू शकते. ते पान फ्रिजवर लावलं होतं.

याच दिवसांत मुलाने बहिणीला स्वतःहून फोन केला. मी सुचवलं होतं, पण केला त्याने. तो फोन सोपा नव्हता एवढं मला माहीत आहे.

दुसरी भेट आणि बदललेला कागद

आठवड्यानंतरच्या भेटीत काकू म्हणाल्या, ‘घर माझंच राहील. मला जमेनासं झालं की ही दोघं माझ्या पैशातून माझं बघतील. नको वाटलं तर मी शहाणीसुरती असेपर्यंत मोडू शकते.’ बाईंचं नाव त्यांना आठवत नव्हतं, मागची भेट कोणत्या वारी झाली हेही नाही. त्याने बिघडत नाही. निर्णय घेण्यापुरती माहिती थोडा वेळ लक्षात राहिली तरी कायद्याला पुरते.

‘ही दोघं’ म्हणाल्या, म्हणजे कागद बदलायचा होता. मुलगी परदेशात राहते म्हणून ती मुखत्यार होऊ शकत नाही, हा समज चुकीचा आहे. दोघांची नावं घातली, आणि दोघांनी एकत्र किंवा स्वतंत्रपणे काम करायचं असा पर्याय निवडला. काकूंची इच्छा होती की घर विकायचं झालं तर दोघांनी मिळूनच ठरवावं. ते बंधनकारक अट म्हणून लिहिलं असतं तर एकजण आजारी पडला किंवा गेला की ते काम अडकलं असतं. म्हणून सातव्या भागात ‘इच्छा’ म्हणून लिहिलं: घर विकण्याआधी दोघांनी एकमेकांशी बोलावं, आणि वर्षातून एकदा खात्याचा हिशेब मुलीला दाखवावा.

आरोग्याच्या फॉर्ममध्ये काकूंनी स्वतः दोन गोष्टी घालायला लावल्या. केअर होममध्ये जावं लागलं तर जेवण शाकाहारी असावं, त्यात अंडंही नको. आणि अंघोळ घालायला बाईच असावी. या वाक्यांचं मोल कोणत्याही कलमाइतकं आहे असं मला मनापासून वाटतं. मुलाने एकट्याने भरलेल्या फॉर्ममध्ये ती जागा कोरी होती.

पाचव्या भागात जीव वाचवणाऱ्या उपचारांबद्दलचा अधिकार मुखत्यारांना द्यायचा की डॉक्टरांवर सोडायचा, हे ठरवावं लागतं. तिथे त्यांनी बराच वेळ घेतला आणि मुलांकडे दिला.

नव्याने छापलेल्या फॉर्मवर काकूंच्या सह्या झाल्या, सोशल वर्करबाईंनी साक्षीदार म्हणून आणि मग दहाव्या भागात सही केली. त्यानंतर मुलाची सही. मूळ कागद कुरिअरने पुण्याला गेला, कारण साक्षीदार समोर बसलेला असावा लागतो, व्हिडिओ कॉलवर चालत नाही. मुलीच्या शेजाऱ्यांनी साक्ष घातली आणि पूर्ण पत्ता लिहिला.

निष्पत्ती

दोन फॉर्मचे तेव्हाच्या दराने प्रत्येकी ८२ पौंड भरून कागद ओपीजीकडे गेला. आक्षेपासाठीचा चार आठवड्यांचा थांबा धरून सुमारे अडीच महिन्यांत नोंदणी झाली. कोणाचाही आक्षेप आला नाही. बँकेने मुलाचं नाव खात्याला जोडलं, आईचं कार्ड वापरणं बंद झालं.

पुढच्या हिवाळ्यात काकू पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत त्यांना काही काळ कशाचंच भान नव्हतं. हॉस्पिटलमधून कुठे पाठवायचं याची चर्चा मुलाने तिथे बसून आणि मुलीने फोनवरून केली, दोघंही मुखत्यार म्हणून. शाकाहाराची ओळ नर्सला दाखवावी लागली, आणि तिने ती पाळली.

कोथरूडचा फ्लॅट हा धागा मात्र सुटायचा राहिला. इंग्लंडची एलपीए भारतात आपोआप चालत नाही. भारतात साधं मुखत्यारपत्र करता येतं, पण करार कायदा १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते संपतं. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच ते निकामी होतं. काकूंनी फ्लॅटच्या भाड्याच्या आणि सोसायटीच्या कामापुरतं मुखत्यारपत्र मुलीच्या नावे केलं. ते इथे साक्षांकित करून महाराष्ट्रात पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरलं. त्यांना कळतंय तोवरच त्याचा उपयोग आहे.

काय वेगळं करता आलं असतं

सर्टिफिकेट कोण देणार हे फॉर्म भरण्याआधी ठरवायला हवं होतं. या घरात ते सगळ्यांत शेवटी, रिकामी राहिलेली जागा म्हणून आलं. तो माणूस आधी ठरला असता तर सह्यांचा क्रम चुकला नसता, फॉर्म दोनदा छापावे लागले नसते.

मुलीशी बोलणं पहिल्या आठवड्यातच व्हायला हवं होतं. ती मुखत्यार झाली नसती तरी ‘कळवायच्या व्यक्तीं’मध्ये तिचं नाव घालता आलं असतं, म्हणजे नोंदणीच्या वेळी तिला रीतसर पत्र गेलं असतं.

पहिल्या भेटीआधी आठवा भाग मराठीतून वाचून दाखवला असता तर कदाचित दुसऱ्या भेटीची गरज पडली नसती. तरीही त्या पहिल्या भेटीचा खर्च वाया गेला असं मी म्हणणार नाही. मुलगी हवी होती, हे काकू मुलासमोर बोलल्या नसत्या. माझ्यासमोरही त्या बोलल्या नव्हत्या.

आणि यजमान असतानाच दोघांनी एलपीए केली असती तर निदानाची सावली या कागदावर पडलीच नसती. शेजारीण पुरली असती. फ्लॅटचं मृत्युपत्रही तेव्हाच झालं असतं. आता पुण्यातल्या वकिलांकडे त्याचा मसुदा तयार आहे, आणि तो काकूंना वाचून दाखवण्यासाठी सकाळची वेळ घेतली आहे, त्याच दुभाषीसोबत, मुलांना बाहेर ठेवून.